घरातील बिनतारी जाळ्याची राखण

घराला भिंती असतात, दारे असतात, दारांना कड्या-कुलपे असतात. रात्री निजण्यापूर्वी कोणीतरी वडील माणूस दाराची कडी लागली आहे की नाही हे पाहून येते. परंतु आज अनेक घरांत एक अशी वस्तू आली आहे की, जिच्यापुढे या भिंतींचे आणि कड्यांचे काही चालत नाही. कपाटावर ठेवलेली, दोन-तीन शिंगे उभारलेली आणि हिरवे दिवे लुकलुकविणारी ती लहानशी पेटी तुम्ही पाहिली असेल. तिला राउटर म्हणतात. बाहेरून तारेने आलेले इंटरनेट ही पेटी घरभर विनातार पसरविते. त्यालाच आपण वाय-फाय म्हणतो.

हे काम रेडिओच्या लहरी करतात. अशा लहरी भिंतीतून आरपार जातात, हे जगदीशचंद्र बसू यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्यात लोकांसमक्ष दाखविले होते. एकीकडे लहरी निर्माण करून त्यांनी भिंतीपलीकडील घंटा वाजविली. वाय-फायच्या लहरीही त्याच जातीच्या. त्या जशा आतल्या खोलीत पोचतात, तशाच जिन्यात, शेजारच्या घरात आणि खाली रस्त्यावरही पोचतात. आपला उंबरठा कोठे संपतो, हे त्यांना कळत नाही.

"पोचल्या तर काय बिघडले? शेजाऱ्याने आपल्या विहिरीचे पाणी नेले, तर आपण त्याला अडवितो काय?" असे तुमच्यापैकी कोणी विचारील. प्रश्न चांगला आहे. परंतु विहिरीचे पाणी नेणारा त्या पाण्याचे काय करतो, याचा जाब कोणी विहिरीच्या मालकाला विचारीत नाही. येथे तो विचारला जातो. इंटरनेटवरून जे बाहेर जाते, त्यावर त्या घरच्या जोडणीचा क्रमांक उमटतो. ते घरातील माणसाने पाठविले की जिन्यात उभ्या असलेल्या तिऱ्हाइताने, हे त्या क्रमांकावरून समजत नाही.

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबाद शहरात बाँबस्फोट झाले व अनेक निरपराध माणसे प्राणांस मुकली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांकडे धमकीची ई-मेल आली होती. तिचा माग काढीत पोलीस नवी मुंबईतील सानपाडा येथील एका घरी येऊन पोचले. तेथे एक परदेशी गृहस्थ राहत होते. त्यांचे संगणक तपासासाठी नेण्यात आले. त्यांची कसून चौकशी झाली. अखेर आढळले ते असे की, त्यांचे वाय-फाय उघडे होते आणि कोणी परक्याने त्याचा उपयोग करून घेतला होता. त्या गृहस्थांवरील संशय फिटला खरा. परंतु मधल्या दिवसांत त्यांना केवढा मनस्ताप झाला असेल, याची कल्पना तुम्हीच करा.

तेव्हा आपल्या जाळ्यात कोणाला घ्यावयाचे व कोणाला नाही, हे आपण ठरविले पाहिजे. त्याची एक युक्ती प्रत्येक यंत्राच्या क्रमांकात आहे. वाय-फायला जोडता येणाऱ्या प्रत्येक यंत्राला, मग तो मोबाइल असो, संगणक असो वा दूरदर्शन संच असो, कारखान्यातच एक क्रमांक मिळालेला असतो. त्यास मॅक ॲड्रेस म्हणतात. त्यात बारा चिन्हे असतात. ० ते ९ हे अंक आणि ए ते एफ ही सहा इंग्रजी अक्षरे, एवढ्यांतूनच ती घेतलेली असतात. पहिली सहा चिन्हे कारखानदाराची, उरलेली सहा त्या यंत्राची स्वतःची. बारा चिन्हांचे असे किती क्रमांक होऊ शकतील? सुमारे २८१ लाख कोटी! म्हणूनच प्रत्येक यंत्राला निराळा क्रमांक देता येतो.

आता राउटरला आपण या क्रमांकांची एक यादी देऊ शकतो. आईचा मोबाइल, दादाचा संगणक, आजोबांचा मोबाइल, दूरदर्शन संच, एवढ्यांनाच आत घे, बाकी कोणालाही घेऊ नकोस, असे त्याला बजावता येते. याच्या उलट, नको असलेल्यांचीही यादी करता येते. पण तिचा फारसा उपयोग नाही. चोरांची नावे आधी ठाऊक असती, तर मग चिंताच कसली!

यादी केल्यावर एक गंमत घडते. आजोबांचा मोबाइल यादीत असूनही दारातच अडतो. याचे कारण असे की, सन २०२० च्या सुमारापासूनचे बहुतेक मोबाइल आपला खरा क्रमांक सांगतच नाहीत. प्रत्येक जाळ्यासाठी ते एक बनावट क्रमांक तयार करतात. दुकानादुकानांतून फिरताना कोणी आपला माग काढू नये, म्हणून केलेली ही सोय आहे, आणि ती चांगलीच आहे. असा क्रमांक ओळखण्याची खूणही सोपी आहे: त्यातील डावीकडून दुसरे चिन्ह २, ६, ए किंवा ई असते. घरच्या जाळ्यापुरता खरा क्रमांक वापरण्यास मोबाइलला सांगितले, की आजोबांची अडचण दूर होते.

पण मोबाइल जर आपला क्रमांक असा बदलू शकतो, तर चोराचे यंत्र का बदलणार नाही? ते बदलते! या यादीतील खरे वैगुण्य येथेच आहे. आपण बंद पाकिटातून पत्र पाठवितो, तेव्हा आतील मजकूर कोणास दिसत नाही. परंतु पाकिटावरचा पत्ता पोस्टमनला, शेजाऱ्याला, कोणालाही वाचता येतो. वाय-फायचेही तसेच आहे. मजकूर गुप्त लिपीत गेला, तरी पाठविणाऱ्या यंत्राचा क्रमांक वर उघडाच असतो. जिन्यात बसलेला लबाड मनुष्य तो ऐकतो, टिपून घेतो आणि बहुरूप्याने वेष चढवावा तसा आपल्या यंत्राला तोच क्रमांक चढवितो. पहारेकरी यादी पाहतो, क्रमांक जुळतो, आणि चोर मानाने आत येतो.

यासाठी यादीपेक्षा परवलीच्या शब्दावर, म्हणजे पासवर्डवर, अधिक भिस्त ठेवावी. किल्ल्याच्या दरवाजावर पहारेकऱ्याला परवलीचा शब्द सांगावा लागे. तेथे कोणी कान देऊन उभा असेल, तर तो शब्द फुटण्याची भीती असे. वाय-फायमध्ये मात्र मोठी चतुराई आहे. येथे तो शब्द हवेत उच्चारलाच जात नाही. राउटर एक आकडा देतो, मोबाइल दुसरा देतो, आणि त्या शब्दाच्या साहाय्याने दोघेही एक गणित सोडवितात. उत्तर जुळले, म्हणजे मोबाइलला शब्द ठाऊक आहे हे सिद्ध झाले.

अशी पहिली पद्धत डब्ल्यूईपी या नावाची होती. तिच्या गणितातील दोष २००१ साली संशोधकांनी उघडकीस आणला. पुढे २००४ मध्ये डब्ल्यूपीए-२ आणि २०१८ मध्ये डब्ल्यूपीए-३ या अधिक भक्कम पद्धती आल्या. घरच्या राउटरवर यांपैकीच एक चालू असावी. डब्ल्यूपीए-२ मध्येही लबाड मनुष्य ते गणित टिपून घरी नेतो आणि एकामागून एक शब्द लावून पाहत बसतो. त्याचे यंत्र अशा वेळी थकत नाही. घराचे नाव, मुलाची जन्मतारीख, मोबाइलचा क्रमांक हे तर ते पहिल्या फेरीतच लावून पाहील. म्हणून शब्द लांब हवा. आठ चिन्हांपासून त्रेसष्ट चिन्हांपर्यंत तो असू शकतो. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडावेत, उदाहरणार्थ, जांभूळ-शिडी-टपाल-गुरुवार. हा मात्र या पाठात छापला गेला, तेव्हा तो कोणी वापरू नये!

मग यादी करणे व्यर्थच म्हणावयाचे काय? तसे नाही. बाबांनी जुना मोबाइल विकला, पण त्यात आपला परवलीचा शब्द राहून गेला, तर यादीतून त्याचे नाव खोडले की तो सहजासहजी आत येत नाही. परवलीच्या शब्दाच्या जोडीला यादी असावी. त्याच्या जागी नसावी. आणखी एक गोष्ट पुष्कळ जण विसरतात. यादी व परवलीचा शब्द जेथे बदलता येतात, त्या राउटरच्या पानालाही स्वतःचे एक कुलूप असते, आणि कारखान्यातून आलेली त्याची किल्ली अनेकदा सर्वांना ठाऊक असते. ती पहिल्याच दिवशी बदलावी.

घरातील वडील माणसांना बरोबर घेऊन ते पान एकदा उघडा. त्या क्षणी कोणकोणती यंत्रे जोडलेली आहेत, हे तेथे दिसते. ती मोजा आणि एकेकीची ओळख पटवा. एखादे नाव अनोळखी वाटले, तर घाबरून जाऊ नका. पुष्कळदा ते आपल्याच दूरदर्शन संचाचे निघते. ते कोणाचेच नाही असे ठरले, तर त्याच दिवशी परवलीचा शब्द बदला आणि नवा शब्द घरातील सर्वांना सांगा. आजोबांना तो मोठ्या अक्षरांत लिहून द्यावा लागेल.