गोळी बंद करण्याआधी मला फोन कर

अरे, परवा फोनवर तू सहज बोलून गेलास, "काका, कोलेस्टेरॉलची गोळी चालू केलीय डॉक्टरांनी, रोझुवास्टॅटिन दहा. पण तीन महिन्यांत सोडणार." छत्तीस वर्षं मी मेडिकलच्या काउंटरमागे उभा होतो. हे वाक्य कोण बोलणार, हे मला माणूस पायरी चढतानाच कळायचं. म्हणून फोनवर वाद न घालता लिहून पाठवतोय. सूनबाईलाही वाचायला दे.

आधी ही गोळी करते काय, ते ऐक. लोकांना वाटतं, साबणाने तेलकट कढई निघावी तशी ती रक्तातली चरबी धुऊन काढते. तसं नाही. अंगातलं बरंचसं कोलेस्टेरॉल ताटातून येतच नाही, ते शरीर स्वतः बनवतं आणि त्यात यकृताचा मोठा हात. त्या कामाला लागणारं एचएमजी-कोए रिडक्टेज नावाचं विकर ही गोळी अडवते. आता घरची म्हैस आटली की आपण काय करायचो? तांब्या घेऊन शेजारी जायचो. यकृतही तेच करतं. घरचं कमी पडलं की ते आपल्या पेशींवर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, पकडणारे जादा ग्राहक (रिसेप्टर) उभे करतं आणि रक्तातलं एलडीएल आत ओढून घेतं. या ग्राहकांचा शोध लावणाऱ्या ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. गोळी थांबवलीस की म्हैस पुन्हा दूध द्यायला लागते आणि काही आठवड्यांत आकडा होता तिथे येतो. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे तू बरा झालास असं नव्हे, गोळी कामावर आहे एवढंच.

हे मी हजारांना सांगितलं आणि स्वतः मात्र विसरलो. छातीत स्टेंट बसल्यावर वर्षभर ॲटोरव्हास्टॅटिन घेतली, एलडीएल १६८ वरून ७४ वर आलं. पोटऱ्या दुखायला लागल्या तसा मीच माझा डॉक्टर झालो आणि गोळी बंद. तीन महिन्यांनी एलडीएल १६१, आणि पोटऱ्या तशाच दुखत होत्या! डॉक्टरांनी मला दोन शब्द सुनावले आणि थायरॉइड तपासायला सांगितलं. दुखणं तिथलं होतं. थायरॉइड मंदावला की स्नायूही दुखतात आणि कोलेस्टेरॉलही चढतं. तेव्हा पाय दुखले तर गोळीवर खापर फोडण्याआधी टीएसएच करून घे.

पण स्नायूंचं दुखणं सगळंच मनाचं, असंही मी म्हणणार नाही. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात एक छान प्रयोग झाला, २०२० साली छापून आला. त्रासामुळे गोळी सोडलेली ६० माणसं घेतली. प्रत्येकाला वर्षभरासाठी बारा बाटल्या: चार महिन्यांची खरी गोळी, चार महिन्यांची खोटी आणि चार रिकाम्या. रिकाम्या महिन्यांत त्रास कमी. खऱ्या आणि खोट्या गोळीच्या महिन्यांत जवळजवळ सारखाच. म्हणजे त्रास खरा, पण त्याचा मोठा भाग गोळी घेतोय या धास्तीचा. हे समजल्यावर निम्म्यांनी गोळी पुन्हा चालू केली. खरोखर गोळीनेच दुखणारे लोकही असतात. त्यांच्यासाठी डॉक्टर एमजी कमी करतात, दुसरं स्टॅटिन देतात किंवा दिवसाआड घ्यायला सांगतात.

एका दुखण्यात मात्र थांबायचं नाही. दोन्ही मांड्या, दंड जोरात दुखतायत, उठवत नाही आणि लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली, तर गोळी थांबव आणि त्याच दिवशी दवाखाना गाठ. स्नायू विरघळून मूत्रपिंडावर भार येतो. हे फार क्वचित होतं, पण याच कारणाने सेरिव्हास्टॅटिन नावाचं एक भावंड २००१ मध्ये जगभरातून मागे घ्यावं लागलं. डोळे पिवळे झाले तरी तेच कर. नाहीतर यकृताच्या तपासणीतलं एसजीपीटी थोडं इकडेतिकडे झालं म्हणून घाबरू नकोस, डॉक्टर सहसा नॉर्मलच्या तिपटीच्या वर गेल्यावरच हालचाल करतात.

साखरेचं विचारलंस. हो, थोडी वाढते, आणि आधीच काठावर असलेल्यांची जास्त. २५५ जणांनी चार वर्षं गोळी घेतली तर एखाद्याला जादा मधुमेह होतो, असा हिशोब निघालेला आहे. त्याच माणसांत हृदयाचे पाचेक मोठे प्रसंग टळतात. मला हा सौदा मान्य आहे. तू एचबीएवनसी करत राहा आणि पोळीवरचा गूळ आवर.

आता दुकानदाराचं ऐक, हे डॉक्टरांच्या खोलीत सांगायचं राहून जातं.

तुझी रोझुवास्टॅटिन दिवसा-रात्री कधीही चालते, फक्त वेळ एक ठेव. (सिमव्हास्टॅटिन असती तर रात्रीच.) पण मटणावर ताव मारून तू ते गुलाबी ॲन्टासिड ढोसतोस, ते गोळीनंतर दोन तास तरी घेऊ नकोस. त्यातलं ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम निम्मी गोळी वाया घालवतं. दहाची पॉवर तुला कमी वाटली का? आपल्या आशियाई लोकांच्या रक्तात ही गोळी जास्त चढते, म्हणून पाचपासूनही सुरुवात करतात. शिवाय डोस दुप्पट केला की एलडीएल जेमतेम आणखी सहा टक्के उतरतं. म्हणून डॉक्टर पुढे एझेटिमाइब जोडतात. ती आतड्यातून कोलेस्टेरॉल फारसं शोषू देत नाही.

शेजारच्या नानांसारखं ॲटोरव्हास्टॅटिन घेणाऱ्यांना क्लॅरिथ्रोमायसिन दिलं, तर डॉक्टरांना विचारायला सांग. पोटातल्या जंतूंसाठी जो किट मिळतो, त्यात ते सहसा असतं. ग्रेपफ्रूटचा रसही त्यांना वर्ज्य. ग्रेपफ्रूट आपल्या पपनसाचंच लेकरू आहे, तेव्हा गणपतीतलं पपनसही नानांनी जपूनच खावं.

सगळ्यात जास्त घोटाळे मी पाहिले ते कॅप्सूलचे. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि स्टॅटिन एकाच कॅप्सूलमध्ये येतात. एक डॉक्टर ती देतो, दुसरा वेगळी स्टॅटिन लिहितो, घरात दोन्ही चालू! नाहीतर दाढ काढायची म्हणून 'रक्त पातळ करायची गोळी' बंद करतात आणि तिच्यासोबत स्टॅटिनही जाते, मग महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून दर चिठ्ठी दुकानदाराला पूर्ण दाखव. आणि पाचच गोळ्या कापून मागू नकोस. कात्री चालली की नाव एका तुकड्यावर राहतं आणि तारीख दुसऱ्यावर. मी कितीदा कापून दिल्यात, आता वाईट वाटतं.

'हे सगळं केमिकल' म्हणून नाक मुरडू नकोस. अकिरा एंडोंनी १९७३ मध्ये जपानमध्ये हजारो बुरश्या तपासून पहिलं स्टॅटिन काढलं, ते क्योटोतल्या धान्याच्या दुकानातल्या तांदळावरच्या बुरशीतून. 'नैसर्गिक' म्हणून विकतात त्या लाल बुरशीच्या तांदळात तर लोव्हास्टॅटिनच असतं, फक्त किती आहे ते डब्यावर धड लिहिलेलं नसतं. आणि तेलाच्या पिशवीवरचं 'कोलेस्टेरॉल फ्री' वाचून खूश होऊ नकोस, शेंगदाण्यात कोलेस्टेरॉल कधी नव्हतंच.

सूनबाईला एक वेगळं सांगतो. तिच्या धाकट्या बहिणीला ही गोळी चालू आहे म्हणालास. दिवस राहिले किंवा तसा विचार असेल, तर तिने आधी डॉक्टरांना सांगावं.

तू १४ तारखेला चालू केलीस ना? मग सहा आठवडे झाले की लिपिड प्रोफाइल आणि एसजीपीटी कर. रिपोर्टचा फोटो पाठव, आणि पट्टीच्या मागच्या बाजूचाही.