लंडनला निघालेल्या पुतण्यास

डोंबिवली (पूर्व)

चि. बाळ यास,

तुझे पत्र पावले. विद्याभ्यासासाठी परदेशी निघताना, तेथील गुरुजनांना व स्नेह्यांना देण्यासाठी आपल्या मुलखाची ओळख पटवतील अशा वस्तू तू वेचून काढल्यास, आणि त्या नजरेआड होऊ नयेत म्हणून हातातल्या बॅगेतूनच नेण्याचा तुझा मनोदय आहे, हे वाचून समाधान वाटले. परंतु जी वस्तू तुला आठवण वाटते, ती विमानतळावरील यंत्रासमोर बसलेल्या जवानाला केवळ आकार, घनता आणि धार एवढ्याच रूपाने भेटते. तिची कुळकथा त्याला ठाऊक नसते, आणि ती ऐकून घेण्यास त्याला सवडही नसते. म्हणून काय न्यावे, कोठे ठेवावे आणि काय घरीच ठेवावे याचा निवाडा घरात, शांतपणे व्हावा.

जांभळी नाक्यावरून घेतलेली पोलादी वाघनखे प्रथम बाहेर काढ. ती हातातल्या बॅगेतून जाणार नाहीत हे तूही जाणतोस. पण ती मोठ्या सामानात घालण्याचा तुझा तोडगाही मला मान्य नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे जुलै 2024 मध्ये महाराष्ट्रात आली आणि साताऱ्याच्या संग्रहालयात लोकांच्या दर्शनासाठी ठेवली गेली, ती रीतसर करार होऊन, तीन वर्षांच्या मुदतीने. ज्या लंडनहून ती आली, त्याच लंडनात प्रतिकृती नेण्याचे मात्र तुझ्या मनात आहे. तेथे 1988 च्या फौजदारी न्याय कायद्याखाली निघालेल्या हुकुमात, हातावर चढवायच्या अणकुचीदार नख्या आणि बोटांत अडकवायची धातूची मूठ ही दोन्ही निषिद्ध शस्त्रांत नमूद आहेत. ती विकणे, देशात आणणे, इतकेच नव्हे तर कोणास भेट देणे हादेखील गुन्हा आहे. शिवाजी महाराजांविषयीचा तुझा आदर तुझ्या गुरूंना कळावा असे वाटत असेल, तर एखादे सचित्र पुस्तक ने.

कल्याणच्या बाजारातला पितळी अडकित्ता सुंदर आहे, त्याच्या दांड्यांवरचे मोर मीही निरखून पाहिले. पण पाते ते पाते. त्याला जाड फडक्यात गुंडाळून, पात्यावर पुठ्ठा बांधून, मोठ्या सामानात घाल.

अन्नपूर्णेविषयी जरा विस्ताराने लिहितो. पणजीच्या माहेराहून आलेली ही पितळी मूर्ती तुझ्या खोलीत असावी, ही तुझ्या आईची इच्छा मी पूर्णपणे समजतो. परंतु 1972 च्या पुरावशेषांविषयीच्या कायद्यान्वये शंभर वर्षांहून जुनी मूर्ती खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, आणि आपली अन्नपूर्णा त्या मर्यादेच्या आत की बाहेर, हे आपण घरात बसून ठरवणे योग्य नव्हे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून, वस्तू पुरावशेष नसल्याचा दाखला मिळाला तर ती आनंदाने ने. न मिळाल्यास ती आपल्या देव्हाऱ्यातच शोभेल, तू नवी घे. नवी घेतलीस तरी ती कपड्यांच्या तळाशी दडवू नकोस. यंत्राच्या पडद्यावर सेंद्रिय पदार्थ नारिंगी आणि धातू निळे दिसतात. भरीव पितळ तर क्ष-किरण जवळजवळ अडवूनच धरते, त्यामुळे तेथे नुसता काळपट डाग उमटतो, आणि ज्याच्या आतले दिसत नाही ते उघडून पाहणे हे त्या जवानाचे कर्तव्यच आहे. मूर्ती वरच्या बाजूला, एकाच रुमालात असावी. मागितली की दाखवावी. चिक्कीच्या घट्ट बांधलेल्या पुड्यावरही असाच संशय येतो, कारण पडद्यावर तिचा आणि स्फोटकांचा रंग एकच. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र देऊच नयेत असे वहिनींना सांग. त्यातील तेलामुळे खोबरे आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून विमान कंपन्या ते नाकारतात. पेढेही नकोत, भारतातून दुधाचे पदार्थ नेण्यास ब्रिटनमध्ये मनाई आहे.

जव्हारकडून आणलेला तारपा लांबीला मोठा आहे. त्यासाठी विमान कंपनीस आधी लिहून विचार, आणि वाळल्या भोपळ्याला कोठे किडीचे भोक नाही ना, हे उन्हात धरून पाहा.

आता जे सर्वांत महत्त्वाचे, ते. तू निघणार हे कळताच आळीतील कोणी ना कोणी बांधलेले पुडके घेऊन येईल, आणि आपल्याकडची रीत अशी की नाही म्हणणे उद्धटपणाचे वाटते. 2019 साली मुंबईचे एक दांपत्य, नात्यातल्याच माणसाने दिलेल्या पुडक्यात चरस निघाल्यामुळे, दोहा येथे अटकेत पडले. दहा वर्षांची शिक्षा झाली, आणि निर्दोष ठरून परत यावयास 2021 उजाडले. 23 जून 1985 रोजी एअर इंडियाच्या कनिष्क विमानातील 329 माणसे ज्या पेटीतील बॉम्बने मारली, त्या पेटीचा मालक विमानात चढलाच नव्हता. एवढे आठवलेस की तपासणीच्या रांगेतील विलंबाचा राग येणार नाही, आणि तेथे थट्टेनेही भलता शब्द तुझ्या तोंडून जाणार नाही. तेव्हा जे पुडके तू स्वतः उघडून, पाहून, पुन्हा बांधले नाहीस, ते कोणाचेही असो, अगदी माझे असले तरी, घेऊ नकोस. देणाऱ्यास वाईट वाटले तर माझे नाव सांग. त्याची समजूत मी घालीन.

तुझा,
काका