धडक देणाऱ्या गाडीचा विमाच नसेल तर?

माल घेऊन निघालेल्या टेम्पोला मागून एखाद्या गाडीने धडक दिली. जीवितहानी झाली नाही म्हणून अल्लाहचे आभार मानले. पण मागचा फाळका मोडला, ताडपत्री फाटली, दोन गाठी रस्त्यावरच्या पाण्यात पडल्या, आणि चौकशी केली तर समोरच्याच्या गाडीचा विमा गेल्या वर्षीच संपलेला! मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीसारख्या गावांतील आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांवर असे प्रसंग वरचेवर येतात. देशातील निम्म्याहून अधिक वाहने विम्याविना धावतात आणि त्यांत दुचाकींचा भरणा मोठा आहे. तेव्हा हा प्रश्न कधी ना कधी आपल्याही दारात येणारच, असे समजून चालले पाहिजे.

अशा वेळी बहुतेक जण एकच निष्कर्ष काढतात. विमा नाही, म्हणजे भरपाई नाही. हा समज साफ चुकीचा आहे. भरपाईची जबाबदारी विम्यामुळे निर्माण होत नाही, ती नुकसान करणाऱ्याच्या निष्काळजीपणातून निर्माण होते. विमा कंपनी ही कफीलासारखी, म्हणजे जामीनदारासारखी असते. कफील नसला म्हणून कर्जदार कर्जातून मोकळा होतो काय? मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. तो नसल्यास कलम १९६ खाली पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये दंड, अशी तरतूद आहे. पण हा दंड सरकारजमा होतो. तो भरला म्हणून गाडीचा मालक तुमच्या देण्यातून सुटत नाही. तुमचा हक्क त्याच्याकडे शिल्लकच राहतो आणि आपल्या शरीअतच्या भाषेत तो हुकूकुल-इबादमध्ये मोडतो.

आपल्या समाजात या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. विम्याच्या व्यवहाराबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत. त्यामुळे अनेक दीनदार व्यापारी कायद्याची सक्ती म्हणून फक्त थर्ड पार्टी विमा काढतात आणि बाजारात ज्याला फुल इन्शुरन्स म्हणतात तो घेत नाहीत. काय योग्य, काय अयोग्य हे मुफ्तीसाहेबांना विचारावे, तो या पानाचा विषय नाही. मात्र हिशेब स्पष्ट असावा. थर्ड पार्टी विमा हा तुमच्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान केले तर त्याला भरपाई देण्यासाठी असतो, तुमच्या स्वतःच्या गाडीसाठी त्यातून एक पैसाही मिळत नाही. अशा व्यापाऱ्याला धडक देणाऱ्या गाडीचा मालक हाच एकमेव दरवाजा उरतो, आणि तो उघडा राहील की बंद होईल हे बहुधा पहिल्या तासातच ठरते.

पहिला तास

रस्त्यावर गर्दी जमते, मागे वाहने खोळंबतात, कुणीतरी मध्यस्थ पुढे होतो आणि मांडवली सुरू होते. "दोन हजार घ्या आणि मिटवा." घाईगडबडीत एखाद्या वहीच्या कागदावर "माझी काही तक्रार नाही" असे लिहून सही होते. बांधवहो, हा कागद सर्वांत घातक आहे. गॅरेजवाल्याने गाडी खोलल्यावर चासी वाकलेली निघाली, तरी समोरचा तोच कागद पुढे करतो. ज्यांचा फुल इन्शुरन्स आहे त्यांचेही यात नुकसान होते. तुम्हाला पैसे दिल्यानंतर ते दोषी मालकाकडून वसूल करण्याचा हक्क विमा कंपनीला मिळतो आणि तो हक्क तुम्हीच लिहून सोडून दिलात, तर कंपनी तुमचा दावा अडवू शकते.

म्हणून आधी मोबाईल काढा. गाड्या हलवण्यापूर्वी दोन्ही गाड्यांचे नंबर प्लेटसह, रस्त्यावरच्या ब्रेकच्या खुणांसह आणि आजूबाजूची दुकाने अथवा मैलाचा दगड दिसेल असे फोटो घ्या. समोरच्याचे लायसन्स व आरसी बुक यांचे फोटो घ्या. जवळच्या पेट्रोल पंपावर किंवा दुकानावर कॅमेरा असेल तर त्याच दिवशी चित्रण मागून ठेवा, कारण ते काही दिवसांत पुसले जाते. दोन साक्षीदारांची नावे व फोन नंबर लिहा. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवा व त्यावर साक्षीदार ठेवा, ही सूरह बकराच्या २८२ व्या आयतीची शिकवण आपण उधारीच्या वहीत पाळतो, ती इथेही लागू करायला हरकत नाही.

समोरच्याच्या गाडीचा नंबर सरकारच्या एमपरिवहन ॲपवर टाकला की विम्याची मुदत कुठपर्यंत आहे ते दिसते. त्या पानाचा स्क्रीनशॉट वेळेसह जपून ठेवा. यामागे कारण आहे. काही चलाख मंडळी अपघातानंतर तासाभरात मोबाईलवरून नवी पॉलिसी काढतात आणि तीच पोलिसांना दाखवतात. पॉलिसी कोणत्या तारखेला व किती वाजल्यापासून लागू झाली हे तिच्यावर छापलेले असते, ते नीट वाचा. अपघातानंतर लागू झालेली पॉलिसी या अपघातासाठी निरुपयोगी आहे.

नंतर पोलीस ठाणे. कुणी जखमी नसेल तर "किरकोळ आहे, आपसात मिटवा" असे उत्तर बहुधा मिळते. तरीही लेखी अर्ज द्या, समोरच्या गाडीला विमा नाही हे त्यात स्पष्ट लिहा आणि पोच घ्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बेदरकार वाहन चालवण्यासाठी कलम २८१ आहे, पूर्वी ते भारतीय दंड विधानाचे कलम २७९ होते. ठाण्यात तक्रार घेतलीच नाही तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवता येतो. घटनास्थळाचा पंचनामा झाला तर त्याची प्रत मागा.

या धडपडीचा एक मोठा फायदा आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये सर्व राज्यांना सांगितले की, विमा नसलेली अपघातग्रस्त गाडी मालकाने भरपाईपुरते तारण दिल्याशिवाय सोडली जाऊ नये, असा नियम करा. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांतही ही तरतूद आली. तारण न दिल्यास ठरावीक मुदतीनंतर गाडीचा लिलाव होऊन पैसा न्यायाधिकरणात जमा होतो. पण जिथे गुन्हाच नोंदला नाही आणि गाडी जप्तच झाली नाही, तिथे हा नियम कोण लावणार? म्हणून नोंदीचा आग्रह धरायचा.

फुल इन्शुरन्स असेल तर

ज्यांच्याकडे तो आहे त्यांनी समोरच्याच्या मागे धावण्याआधी आपल्या कंपनीला लगेच कळवावे आणि सर्व्हेयरने पाहिल्याशिवाय गाडी खोलू देऊ नये. चूक कुणाची याचा विचार न करता आपली कंपनी पैसे देते. मात्र पूर्ण बिल मिळत नाही. एक उदाहरण घेऊ. साडेचार वर्षांच्या मोटारीचे बिल ६०,००० रुपये झाले. त्यात पत्र्याचे भाग २०,०००, प्लॅस्टिक व रबर १६,०००, काच ६,०००, मजुरी १२,००० आणि रंगकाम ६,०००. नेहमीच्या पॉलिसीत चार ते पाच वर्षांच्या गाडीच्या पत्र्यावर ३५ टक्के घसारा कापतात, म्हणजे ७,०००. प्लॅस्टिक-रबरावर ५० टक्के, म्हणजे ८,०००. काचेवर काही नाही. रंगकामाचा चौथा हिस्सा माल धरून त्याच्या निम्मे, म्हणजे ७५०. शिवाय लहान मोटारीला १,००० रुपये सक्तीची वजावट. एकूण १६,७५० रुपये तुमच्या खिशातून गेले. पुढच्या वर्षी नो क्लेम बोनसही शून्यावर येतो. ज्याला ५० टक्के बोनस मिळत आहे, त्याने पाच-सात हजारांच्या डागडुजीसाठी दावा करण्यापूर्वी दहादा विचार करावा. खिशातून गेलेली ही रक्कम मात्र बुडीत खात्यात टाकू नका, ती दोषी मालकाकडून मागता येते. कंपनीने दिलेले ४३,२५० रुपये पुन्हा मागता येणार नाहीत, एवढेच.

मालवाहू टेम्पोवाल्यांनी आपली पॉलिसी काढून त्यात आयएमटी २३ आहे का ते पाहावे. हे जादा कलम घेतलेले नसेल तर बंपर, हेडलाइट, मडगार्ड, टायर आणि रंगकाम यांचे पैसे सहसा मिळत नाहीत, आणि धडकेत आधी हेच भाग मोडतात. एजंट हप्ता कमी दाखवण्यासाठी ते वगळतो आणि सांगत नाही.

आपल्या कापड धंद्यातील मंडळींसाठी आणखी एक गोष्ट. खासगी मोटारीच्या पॉलिसीत मालवाहतुकीला मनाई असते, फक्त नमुने व स्वतःचे सामान चालते. मागची सीट काढून व्हॅनमध्ये साड्यांचे गठ्ठे भरून नेणारे पुष्कळ आहेत. अशा फेरीत अपघात झाला आणि सर्व्हेयरला गठ्ठे दिसले, तर आपल्याच कंपनीकडून हात हलवत परत यावे लागते. नमुन्याचे चार तागे आणि चाळीस गठ्ठे यांतला फरक सर्व्हेयरलाही कळतो!

न्यायाधिकरण

समोरचा मालक दाद देत नसेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करावा. हे न्यायाधिकरण फक्त मृत्यू व जखमींसाठी आहे असा समज आहे. तो बरोबर नाही. कलम १६५ व १६६ खाली मालमत्तेच्या नुकसानीचा दावाही तिथेच चालतो. अपघात कसाऱ्याच्या घाटात झाला आणि तुमचे दुकान मालेगावात आहे, तर मालेगावचा भाग ज्या न्यायाधिकरणाकडे आहे तिथे अर्ज देता येतो. अर्जदार जिथे राहतो किंवा धंदा करतो ते ठिकाण कायद्याला मान्य आहे. १ एप्रिल २०२२ पासून अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. "पाहू, करू" म्हणत दोन ईद गेल्या तर काम कठीण होईल.

दाव्यात गॅरेजच्या बिलासोबत भिजलेल्या मालाचे खरेदी बिल व बिल्टी जोडा, आणि टेम्पो बंद होता तेवढे दिवस भाड्याने घेतलेल्या गाडीच्या पावत्याही जोडा. हा शेवटचा खर्च फुल इन्शुरन्समधून मिळत नाही, पण दोषी मालकाकडे मागता येतो. गॅरेजचे बिल पक्के, जीएसटीचे घ्या. कच्च्या चिठ्ठीवर न्यायाधिकरण विश्वास ठेवत नाही, आणि का ठेवावा? समोरच्याची चूक तुम्हालाच सिद्ध करावी लागते. तुमचीही थोडी चूक निघाली तर तेवढा हिस्सा कापला जातो. निकाल लागूनही पैसे मिळाले नाहीत तर कलम १७४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. निकालात व्याजही लावतात, त्या रकमेचे काय करायचे ते ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे. धडक देऊन पळालेल्या अज्ञात वाहनासाठी सरकारची जी योजना आहे, ती मृत्यू आणि गंभीर दुखापतीपुरतीच आहे. गाडीच्या नुकसानीला तिच्यातून काही मिळत नाही.

सुलह कशी करावी

याचा अर्थ प्रत्येकाने कोर्टाची पायरी चढावी असा नाही. समोर एखादा गरीब रिक्षावाला असेल तर त्याची रिक्षा अडकवून आपले पैसे येणार आहेत का? सूरह अंबियाच्या ७८ व ७९ व्या आयतींत रात्री एका माणसाच्या बकऱ्या दुसऱ्याच्या शेतात शिरल्याचा उल्लेख आहे. तफ्सीरकार सांगतात की हजरत दाऊद (अलै.) यांनी भरपाई म्हणून बकऱ्या शेतमालकाला देण्याचा निर्णय दिला. हजरत सुलेमान (अलै.) यांनी सुचवले की, बकऱ्या शेतमालकाने दूध-लोकर घेण्यापुरत्या ठेवाव्यात, बकरीवाल्याने शेत पूर्ववत करून द्यावे आणि मग ज्याचे त्याला परत मिळावे. नुकसान पूर्ण भरले आणि दुसऱ्याचे पोटही मारले गेले नाही. माझ्या मते रिक्षावाल्याची रिक्षा चालू ठेवून हप्ते बांधून घेणे हा त्याच वाटेवरचा व्यवहार आहे. दहा ट्रक बाळगणारा मालक विमा भरत नसेल, तर त्याच्याशी मात्र सुलहची घाई नको.

हप्त्यांची तडजोड करताना स्टॅम्प पेपरवर करार करा. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून यासाठी १०० ऐवजी ५०० रुपयांचा स्टॅम्प लागतो. त्यात गाडीचा नंबर, अपघाताची तारीख व ठिकाण, नुकसानीची रक्कम आणि पुढच्या तारखांचे चेक नंबर लिहा. "तक्रार नाही" हे वाक्य शेवटचा चेक वटल्यानंतर लागू होईल, असे स्पष्ट लिहा. चेक परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, पैसे भरायला १५ दिवस आणि त्यानंतर महिन्याभरात फिर्याद, हे कलम १३८ चे गणित व्यापाऱ्यांना नव्याने सांगायला नको. याहून पक्की वाट लोकअदालतीची. तिथे झालेल्या तडजोडीला दिवाणी न्यायालयाच्या हुकुमाचा दर्जा असतो आणि तिच्यावर अपील चालत नाही.

आता एक गोष्ट मालक म्हणजे कोण याविषयी. दावा चालकाबरोबरच गाडीच्या मालकावर करायचा असतो आणि कायद्याच्या दृष्टीने मालक तोच, ज्याचे नाव आरटीओच्या नोंदीत आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. गाडी चार हात विकली गेली असली तरी नोंदीतला पहिलाच मालक जबाबदार धरला गेला. त्यामुळे "गाडी माझी नाही, मी तर विकली" या उत्तराने गप्प बसू नका. हीच तलवार आपल्यावरही येऊ शकते. आपण जुना टेम्पो किंवा मुलाची मोटारसायकल रोख घेऊन कुणाला दिली, फॉर्म २९ व ३० वर सह्या करून कागद त्याच्याच हवाली केले आणि नावावर झाले की नाही पाहिलेच नाही, असे घराघरांत आहे. ती गाडी विम्याविना कुणाला धडकली तर नोटीस आपल्या पत्त्यावर येईल. ज्यांनी गेल्या काही वर्षांत गाडी विकली आहे, त्यांनी तिचा नंबर आजच त्या ॲपवर टाकून पाहावा. नाव अजून आपलेच वाटत असेल तर विक्रीचा कागद, घेणाऱ्याच्या आधार कार्डाची प्रत आणि लेखी अर्ज घेऊन आरटीओत जावे व अर्जाची पोच घ्यावी.