उरलेल्या औषधांची परतवाट

कापडाच्या धंद्यात 'जी.आर.' हा शब्द मुनीमालाही ठाऊक असतो आणि हमालालाही. गुड्स रिटर्न, म्हणजे परतीचा माल. सुरतेहून किंवा भिवंडीहून आलेल्या गाठीत एखादे थान डागी निघाले, तर ते आडत्यामार्फत परत जाते आणि तेवढी रक्कम आपल्या खात्यावर जमा होते. औषधांच्या धंद्यातही हीच रीत आहे. मेडिकलवाल्याच्या कपाटातील गोळ्यांची मुदत संपली की तो त्या बाजूला काढतो, यादी करतो, अकोल्याच्या किंवा वाशिमच्या स्टॉकिस्टकडे पाठवतो. स्टॉकिस्ट त्या कंपनीकडे पाठवतो आणि क्रेडिट नोट खाली येते. मुदत संपलेला असा माल विक्रीच्या मालापासून वेगळा, 'विक्रीसाठी नाही' असे लिहिलेल्या खोक्यात ठेवावा, हे औषध कायद्याच्या नियमांतच आहे.

आता हीच गोळ्यांची पट्टी गिऱ्हाइकाने घरी नेली असे धरा. डॉक्टरांनी पाच दिवसांचे औषध दिले, दोन दिवसांत ताप उतरला, उरलेल्या गोळ्या कोनाड्यात पडल्या. सहा महिन्यांनी घरची साफसफाई निघाली. गोळी तीच, कंपनी तीच, पण आता तिला परत जायला रस्ता नाही. कंपनीपासून दुकानदाराच्या गल्ल्यापर्यंत परतवाट बांधलेली आहे. गल्ल्यापासून गिऱ्हाइकाच्या घरापर्यंतचा तुकडा तेवढा राहून गेला आहे. व्यापाऱ्याने विचार करावा असा प्रश्न हाच आहे.

मेडशीसारख्या गावात त्या गोळ्या जातात तीन ठिकाणी. उकिरड्यावर, नालीत, नाहीतर चुलीत. उकिरड्यावर शेळ्या तोंड घालतात आणि लहान मुले रंगीत गोळी दिसली की उचलतात. नालीतून औषध नाल्याला लागते. त्यात जंतुनाशक औषध असेल तर थोड्या थोड्या मात्रेने जंतू मरत नाहीत, उलट त्या औषधाला निबर होतात. चुलीत टाकणाऱ्याला वाटते जळून गेले, संपले. पण गोळ्यांची पट्टी बहुधा पीव्हीसी प्लास्टिक व ॲल्युमिनियमची असते. ती उघड्यावर जळताना आम्लाचा विषारी धूर सोडते, आणि तो प्रथम चुलीपुढे बसलेल्या बाईच्या छातीत जातो. दवाखान्यांच्या कचऱ्यासाठी २०१६ साली जे नियम आले, त्यांत टाकाऊ औषधे कंपनीकडे परत पाठवावीत किंवा खास भट्टीत जाळावीत असे सांगितले आहे. कर्करोगावरील जहाल औषधांसाठी तर भट्टीची उष्णता १२०० अंश सेल्सिअसच्या वर हवी. चुलीकडून ते काम होणार नाही.

औषध आपले काम संपल्यावरही काय करते, याचा दाखला आपल्या डोळ्यांदेखत घडला आहे. पूर्वी मेलेल्या ढोरावर गिधाडे उतरत. १९९० नंतरच्या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडे देशातून शंभरातली नव्याण्णवहून जास्त नाहीशी झाली. गुरांना दिलेले डायक्लोफिनॅक हे दुखणे थांबवणारे औषध मांसातून गिधाडांच्या पोटात गेले आणि त्यांचे मूत्रपिंड निकामी झाले. हा शोध २००४ साली प्रसिद्ध झाला आणि २००६ साली सरकारने गुरांसाठी त्याच्या उत्पादनावर बंदी घातली. हे फेकलेल्या औषधाचे उदाहरण नव्हे, हे मान्य. पण पुढची गोष्ट धंदेवाल्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. माणसांसाठी येणाऱ्या मोठ्या बाटल्या गुरांना टोचल्या जाऊ लागल्या, म्हणून २०१५ साली इंजेक्शनची बाटली ३ मिलीहून मोठी नसावी असा हुकूम निघाला. म्हणजे मालाची जबाबदारी बांधणीपासूनच सुरू होते. तीन गोळ्या लागणाऱ्याला दहाची पट्टी दिली तर सात उरणारच. आम्ही गिऱ्हाइकाला सव्वादोन मीटर हवे असताना पाच मीटर फाडून देत नाही.

काही माल मात्र आपोआप परत येतो. ट्रॅक्टरची किंवा इन्व्हर्टरची जुनी बॅटरी कोणी उकिरड्यावर टाकलेली पाहिली आहे काय? ती दुकानदाराला देऊन नवी घेताना पैसे कमी होतात, कारण आतल्या शिशाला भाव आहे. २००१ सालच्या नियमांनी विक्रेत्यावर जुनी बॅटरी परत घेण्याचे बंधन घातले आणि २०२२ च्या नियमांनी ती जबाबदारी उत्पादकावर आणखी पक्की केली. पण कायद्यापेक्षा भावाने हे काम जास्त केले. याच्या उलट दुधाच्या पिशवीचे पाहा. महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकबंदी आली तेव्हा पिशवीवर परतीचे ५० पैसे छापावेत असे ठरले होते. रिकामी पिशवी घेऊन ५० पैसे मागायला कोण आले? औषधाला तर तेवढाही भाव नाही. उलट ते जाळायलाच पैसे लागतात.

मग तो खर्च कोणी करायचा? फ्रान्समध्ये १९९३ पासून औषध कंपन्यांच्या पैशाने 'सिक्लामेड' नावाची व्यवस्था चालते. गिऱ्हाईक उरलेले औषध कोणत्याही औषधाच्या दुकानात देते, दुकानदार ते फुकट घेतो. आपल्याकडे प्लास्टिक, विजेची उपकरणे आणि बॅटरी यांच्या उत्पादकांवर अशी जबाबदारी आली आहे. घरातील उरलेल्या औषधांबाबत कंपन्यांवर तसे बंधन नाही. तरी केरळच्या औषध नियंत्रण विभागाने २०२५ साली कोझिकोड शहर आणि उल्लियेरी ग्रामपंचायत येथे घरोघरची जुनी औषधे गोळा करून भट्टीत पाठवण्याची सुरुवात केली. ग्रामपंचायतीत हे होऊ शकते, म्हणून हे नाव मुद्दाम दिले. त्याच वर्षी केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेनेही मार्गदर्शिका काढून औषध विक्रेत्यांच्या संघटनांनी व राज्यांनी अशी परतीची ठिकाणे उभारावीत असे सुचवले. त्यात फेंटानिल, मॉर्फिन, ट्रामाडॉल अशा १७ औषधांची यादी आहे. ती दुसऱ्याच्या हाती लागली तर एका मात्रेनेही जीव जाऊ शकतो, म्हणून परतीची सोय नसेल तर तेवढीच संडासात सोडावीत. बाकी कोणतेही औषध संडासात किंवा नालीत टाकू नये.

आपल्या गावी करायचे तर फार भांडवल लागत नाही. मेडिकलच्या गल्ल्याजवळ कुलूपबंद पत्र्याची पेटी, वरून फट, त्यावर मराठीत व उर्दूत 'विक्रीसाठी नाही'. पेटीची किल्ली दुकानदाराकडे नसावी, ग्रामपंचायतीकडे असावी. हे दुकानदारावर अविश्वास म्हणून नव्हे. परत आलेली पट्टी पुन्हा कपाटात गेली असा संशयसुद्धा धंद्याला मारक आहे, आणि दुसऱ्याच्या हाती किल्ली असली की त्याचे नाव साफ राहते. पेटी भरली की माल सरकारी दवाखान्याच्या पिवळ्या पिशवीतून भट्टीकडे जावा, यासाठी आरोग्य केंद्राला ग्रामपंचायतीमार्फत लेखी अर्ज द्यावा. दवाखाना स्वतःची टाकाऊ औषधे याच वाटेने पाठवतो, पण बाहेरचा माल घेण्यास तो बांधील नाही. गाडीभाडे पडले तर बाजारातील दुकानदारांनी वाटून घ्यावे. सुया व सिरिंज या पेटीत नकोत. त्या जाड प्लास्टिकच्या बरणीत, झाकण घट्ट लावून, वेगळ्या द्याव्यात. पेटी होईपर्यंत घरातील जुनी औषधे एका डब्यात, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी, पट्टीसकट ठेवावीत.

येथे एक बाजूची गोष्ट सांगतो, थोडी कडू आहे. खैरात म्हणून उरलेल्या अर्ध्या पट्ट्या गोळा करून गरिबांना वाटण्याची हौस आपल्यात पुष्कळांना आहे. नियत चांगली असते. पण ती पट्टी उन्हात होती की ओलीत, हे कोणाला ठाऊक? जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ सालीच सांगितले आहे की रुग्णाच्या घरून परत आलेले औषध दानात देऊ नये. मदत करायचीच तर चिठ्ठीवरचे नवे औषध विकत घेऊन द्यावे. आपल्या मुलाला जे देणार नाही, ते गरिबाच्या मुलालाही नको.

भंगाराच्या धंद्यात आपले अनेक भाऊ आहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द. गावाची खरी परतवाट तेच चालवतात, आणि तोटाही पहिला त्यांनाच होतो. बॅटरी दारात फोडून तेजाब नालीत सोडू नये. शिशाची धूळ कपड्यांवरून घरातील मुलांपर्यंत जाते. ट्यूबलाईटमध्ये पारा असतो, ती काचेच्या भावात फोडू नये. सोयाबीन आणि कपाशीच्या फवारणीचे रिकामे डबे घेताना विशेष जपावे. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली, ते विष अशाच डब्यांतून शेतावर आले होते. १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे रिकामा डबा फोडून वस्तीपासून दूर पुरायचा असतो. तो धुऊन रॉकेल किंवा पाणी भरायला विकला, तर चार रुपये मिळतील आणि विकत घेणारा आपल्याच मोहल्ल्यातला असेल.

मेडिकलवाल्यांना शेवटची एक सूचना, कापड कापणाऱ्याकडून. पट्टी कापताना जेथे नाव व मुदत छापलेली असते ते टोक गिऱ्हाइकाच्या हातात जाऊ द्या. निदान उरलेल्या तुकड्याची मुदत संपली की नाही, हे तरी त्याला घरी वाचता येईल.