शेपूट एक, डोके वेगळे : इंग्रजीतील यमकाचे शब्द व त्यांचे अर्थ



लागण, खत, पाणी यांचे धडे या पानावर नेहमीच येतात. यावेळचा धडा इंग्रजीचा आहे. ऊस विकासाच्या माणसाने इंग्रजी शिकवावे याचे काहींना हसू येईल. पण निमित्त काय घडले ते आधी ऐकावे.

काही वर्षांपूर्वी आमच्या गटातील एक सभासद वजनकाट्यावर भेटले. "साहेब, टोमॅटोच्या पानांवर ठिपके पडलेत, काय मारू?" म्हणाले. आम्ही घाईत होतो. "फंजिसाइड मारा," एवढे तोंडी सांगून पुढे गेलो. त्यांच्या पडवीत उसातल्या तणासाठी आणलेल्या टू-फोर-डीची अर्धी बाटली शिल्लक होती. मुलाने अक्षरे लावून वाचले, "हर्बिसाइड." "साहेब साइडच म्हणाले होते," असे म्हणून त्यांनी तेच पंपात ओतले. आठवड्याच्या आत शेंडे पिळवटले, पाने आत वळली आणि पंधरा गुंठ्यांचा प्लॉट हातचा गेला. त्या पैशावर वहिनींनी मुलीची फी धरली होती. चूक त्यांची नव्हे. चिठ्ठीवर लिहून न देणारे आम्ही, म्हणून चूक आमची. हा धडा त्या चुकीची थोडी फेड समजावी.

यमक म्हणजे काय?

ओवी-अभंगात ओळीचा शेवट जुळतो, त्याला आपण यमक म्हणतो. इंग्रजीतही शेवटचा आवाज जुळला की यमक होते. यमकाचे शब्द पाठ करायला सोपे, म्हणून शाळेत मुलांना ते जोडीने शिकवतात. पण यमकात शेपूट तेवढे सारखे असते. अर्थ बहुधा डोक्यात, म्हणजे पहिल्या अक्षरांत असतो. नुसते शेपूट ऐकून निघालो की टोमॅटोचे झाले तसे होते.

पहिला गट : साइड

हे शेपूट लॅटिन भाषेतून आले. त्याचा अर्थ मारणारा, नाश करणारा. रस्त्याच्या साइडशी त्याचा संबंध नाही. कोणाला मारणारा, ते डोके सांगते.

इन्सेक्टिसाइड : इन्सेक्ट म्हणजे कीटक. हे कीटकनाशक.
फंजिसाइड : फंगस म्हणजे बुरशी. हे बुरशीनाशक. बेणेप्रक्रियेचे कार्बेन्डाझिम यातलेच.
हर्बिसाइड किंवा वीडिसाइड : हर्ब म्हणजे लहान वनस्पती, वीड म्हणजे तण. हे तणनाशक. टू-फोर-डी, अ‍ॅट्राझिन यातली.
रोडेंटिसाइड : रोडंट म्हणजे उंदीर-घुशीची जात. हे त्यांचे विष.
नेमॅटिसाइड : नेमॅटोड म्हणजे मुळांवरचे सूत्रकृमी. हे सूत्रकृमिनाशक.

पहिली दोन पिकाला वाचवण्यासाठी असतात. तिसरे वनस्पतीलाच मारते. टू-फोर-डी रुंद पानांच्या तणावर चालते, आणि टोमॅटो, कापूस, द्राक्ष ही पिकेही रुंद पानांचीच. म्हणून तणनाशकाचा पंप वेगळा ठेवावा आणि वारा असताना फवारू नये.

इथे आणखी एक गैरसमज काढून टाकू. डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. तो माणसाला विषबाधेचा धोका किती ते सांगतो. लाल सर्वांत जहाल, हिरवा त्या मानाने सौम्य. औषध कोणत्या जातीचे, हे रंगावरून कळत नाही. हिरवा त्रिकोण पाहून "पिकाला काही होत नाही" असे समजू नये.

दुसरा गट : शेतातले शब्द

सीड म्हणजे बी. उसाच्या बेण्यालाही सीड केन म्हणतात. वीड म्हणजे तण. फीड म्हणजे खाद्य, नीड म्हणजे गरज. सीड आणि वीड यांत फरक एका अक्षराचा, पण एक पेरायचे आणि दुसरे उपटायचे.

रूट म्हणजे मूळ, शूट म्हणजे कोंब, फ्रूट म्हणजे फळ. रूट बोअरर मूळ पोखरतो, शूट बोअरर कोंब. आपल्याकडे खोडकिडीने पोंगे वाळतात, ती ही शूट बोअरर.

बड म्हणजे डोळा, मड म्हणजे चिखल. कारखान्याची मळी म्हणजे प्रेसमड. फ्लड म्हणजे पूर. त्याचे स्पेलिंग वेगळ्या वळणाचे, तरी यमक जुळते, कारण इंग्रजी यमक कानाने ओळखायचे, डोळ्याने नव्हे.

रटून म्हणजे खोडवा, सून म्हणजे लवकर, नून म्हणजे दुपार. घरच्या सुनेशी या सूनचा संबंध नाही! मात्र रटूनची कामे सून करावीत, हे ध्यानात राहील.

तिसरा गट : वजनाची पावती

काट्यावरच्या पावतीवर तीन शब्द असतात. ग्रॉस म्हणजे भरलेल्या वाहनाचे वजन, टेअर म्हणजे रिकाम्या वाहनाचे, नेट म्हणजे निव्वळ उसाचे. समजा ग्रॉस 24.350 टन आणि टेअर 8.150 टन, तर नेट 16.200 टन. ही वजाबाकी प्रत्येकाने पावती हातात पडताच करावी. संशय म्हणून नव्हे, सवय म्हणून.

टेअरचे यमक शेअर, फेअर, केअर. शेअर म्हणजे भाग, जो आपण सर्वांनी घेतला आहे. फेअर म्हणजे रास्त. 2009-10 च्या हंगामापासून उसाला एसएमपीच्या जागी एफआरपी आली. त्यातला एफ हा फेअरचा, म्हणजे रास्त व किफायतशीर दर. केअर म्हणजे काळजी.

आता एक फसवी जागा. वेट म्हणजे वजन, आणि वेट म्हणजे ओले. आपल्या लिपीत दोन्ही एकच दिसतात. वजनाचा वेट लांबवून म्हणायचा. त्याचे यमक रेट, डेट, लेट, म्हणजे दर, तारीख, उशीर. ओल्याचा वेट तोडून म्हणायचा. त्याचे यमक नेट आणि सेट. सेट म्हणजे उसाची टिपरी. पाठ करायला सोपे वाक्य असे : ऊस लेट, तर घटे वेट. तोडलेला ऊस फडात पडून राहिला की वजनही घटते आणि साखरही.

घरचा अभ्यास

घरात, पडवीत असलेली औषधाची प्रत्येक बाटली आज बाहेर काढा. साइड शब्दाचे डोके मुलांकडून वाचून घ्या आणि बाटलीवर मराठीत ठळक लिहा : कीड, बुरशी की तण. लेबल फाटले असेल, अक्षरे पुसली असतील, तर ते औषध वापरूच नका. खोक्यातले घडीचे माहितीपत्रक फेकू नका. शंका आली तर गट ऑफिसात बाटली घेऊनच या, नुसते नाव सांगू नका.

आणि आमच्या खात्यातल्या कोणी घाईत तोंडी औषध सांगितले, तर त्याला अडवा. "साहेब, चिठ्ठीवर लिहून द्या," म्हणा. आम्हाला राग येणार नाही.