सिकलसेल : एका अक्षराचा आजार, लग्नाआधीची एक तपासणी

‘जीनोम’ हा शब्द हल्ली बातम्यांत येतो. शरीर कसे घडवायचे याची सुमारे ३०० कोटी अक्षरांची सूचना प्रत्येकाच्या पेशींत असते, तिला जीनोम म्हणतात. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पात १०,००० भारतीयांचे जीनोम वाचले गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये ही माहिती संशोधकांना खुली झाली.

आपल्या वस्तीशी याचा संबंध काय? उदाहरण सिकलसेलचे घ्या. हिमोग्लोबिनच्या सूचनेत फक्त एक अक्षर बदलते आणि रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग सांधे ठणकतात, रक्त कमी होते, डोळे पिवळे दिसतात, तान्ह्या बाळाचे हातपाय सुजतात. ही करणी नाही, बाहेरची बाधा नाही आणि मागच्या जन्मीचे पापही नाही. तो संसर्गानेही होत नाही.

विदर्भात आदिवासी आणि बौद्ध समाजात हा आजार जास्त आढळतो. तिकडून कामासाठी शेलू, नेरळ, बदलापूर पट्ट्यात आलेल्या कुटुंबांनी, तसेच आपल्या आदिवासी शेजाऱ्यांनी तपासणी जरूर करावी.

ही सूचना आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशी दोनदा मिळते. एकच बिघडलेली असेल तर माणूस ‘एएस’, म्हणजे वाहक. त्याला सहसा त्रास नसतो. दोन्ही बिघडल्या तर ‘एसएस’, म्हणजे रुग्ण. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. एकच वाहक आणि दुसरा पूर्ण निरोगी असेल, तर ‘एसएस’ बाळ होत नाही.

यासाठी जीनोम वाचून घ्यायची गरज नाही. बोटातल्या रक्ताच्या थेंबावर सोल्युबिलिटी चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीतून वाहक की रुग्ण ते कळते. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपजिल्हा रुग्णालयात चौकशी करा. दोघे वाहक असलेल्या जोडप्याने गरोदरपणाच्या सुरुवातीलाच डॉक्टरांना सांगावे. गर्भाची तपासणी परळच्या केईएम आवारातील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत होते.

डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत जनुक-संपादनाच्या उपचाराला मंजुरी मिळाली. त्याची किंमत सुमारे २२ लाख डॉलर आहे. स्वस्त देशी उपचारावर दिल्लीची आयजीआयबी संस्था काम करत आहे. तोवर हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित घ्या, भरपूर पाणी प्या. ताप, छातीत दुखणे किंवा धाप लागली तर लगेच दवाखाना गाठा.

सोयरीक जुळवताना मुलीचाच नव्हे, मुलाचाही रिपोर्ट बघा. वाहक मुलीला नाकारू नका आणि रिपोर्ट लपवूही नका. जातीचे मूळ जातीतल्या जातीत होणाऱ्या लग्नात आहे, असे बाबासाहेबांनी १९१६ मध्येच मांडले होते. अशा लग्नांनी एकच दोष त्याच समाजात फिरत राहतो. मात्र लग्न जातीबाहेर असले तरी तपासणी दोघांचीही करावी.