जत्रेची रजा आणि महत्त्वाकांक्षा

प्रश्न : माझा मुलगा पुण्यात नोकरी करतो. गावच्या जत्रेला तो दरवर्षी रजा टाकून येतोच. भाचा जर्मनीत आहे. तिकडे म्हणे लोक कामालाच देव मानतात. आपली माणसं अल्पसंतुष्ट आहेत, म्हणून मागे राहतात का?
– एक वाचक, कोरेगाव

उत्तर : तुमच्या प्रश्नात दोन शंका आहेत. जर्मन माणूस उपजतच कामसू असतो का, आणि जत्रेला येणाऱ्याला पुढे जायची ईर्षा नसते का. पहिली लवकर सुटते. माक्स वेबर या जर्मन अभ्यासकानं 1905 च्या सुमारास तिकडच्याच एका शेतमजुराचं उदाहरण दिलं आहे. कापणीचा दर मॉर्गनला (तिकडचं जमिनीचं माप) 1 मार्क होता, तेव्हा तो दिवसाला अडीच मॉर्गन कापी. दर सव्वा मार्क झाल्यावर तो दोनच मॉर्गन कापून थांबू लागला. अडीच मार्क मिळाले की त्याचं भागत होतं. तेव्हा कामसूपणा रक्तात असतो, हे काही खरं नाही.

आता आपल्याकडे या. सातारा आणि कोकणातले कामगार सुगीला, लग्नाला, जत्रेला गाव गाठतात, अशी तक्रार मुंबईचे गिरणीमालकही करत. पण गिरणीत काय होतं? बदली कामगाराला आज काम मिळे, उद्याची खात्री नसे. आजारपणात पगार नाही, म्हातारपणी पेन्शन नाही. मग आधार उरला गावचं घर, जमिनीचा तुकडा आणि भाऊबंदांचा. तोच त्याचा विमा, आणि जत्रेला हजर राहणं हा त्याचा हप्ता. 1928 चा संप सुमारे सहा महिने चालला, तेव्हा हजारो कामगार गावी येऊन तगले. व्हिटली यांच्या मजूर आयोगानंही 1931 च्या अहवालात गावाशी असलेलं हे नातं तोडू नये, असंच मत दिलं. ज्याला आळस म्हटलं गेलं तो हिशेबीपणा होता.

आणि अल्पसंतुष्ट कुणाला म्हणायचं? शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी भागातले गलाईवाले बघा. जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचा धंदा घेऊन ही माणसं केरळपासून पंजाबपर्यंत पोचली, परक्या भाषा शिकली, बाजारपेठेत दुकानं थाटून बसली. हीच माणसं जत्रेला गावी येतात आणि बंगलाही गावातच बांधतात. ज्यांनी आपले हलाखीचे दिवस पाहिले, त्यांच्यासमोर मिळवलेलं मांडावं, असं माणसाला वाटतंच. त्यांची धडपड गावापासून सुटलेली नाही, उलट गावामुळेच तिला जोर येतो. तुमच्या तालुक्यातल्या सातारा रोडला धनजीशा कूपर यांनी नांगराचा कारखाना काढला. खेड्यात राहून मोठं काही करता येतं, याचा हा घरचाच दाखला आहे.

एक गोष्ट मात्र मला खटकते. पाहुण्यांत नाव राहावं म्हणून कर्ज काढून बकरी कापायची आणि वर्षभर हप्ते फेडत बसायचं, यात आनंद नाही. तो नुसता ताण आहे. तुमचा मुलगा ऐपतीत राहून, चार दिवस पालखीबरोबर चालून, मित्रांना भेटून परत कामाला लागत असेल, तर काळजीचं काहीच कारण नाही.

भाच्याला फोन कराल तेव्हा त्याच्या रजेची चौकशी जरूर करा. आठवड्याला पाच दिवस काम करणाऱ्याला जर्मनीत वर्षाला किमान 20 दिवस भरपगारी रजा कायद्यानंच द्यावी लागते.